चित्रशाळेत रंगवलेली मोटारसायकल

बाबांची मोटारसायकल दुरुस्त करायला घेतली तेव्हा माझ्याकडे हत्यारं दोनच होती. एक मोबाइल आणि दुसरा आत्मविश्वास. मोबाइलमधल्या माणसाने पंधरा मिनिटांत इंजिन खोलून परत बसवलं होतं. मीही पंधरा मिनिटांतच खोललं. बसवायचं तेवढं चार महिने राहिलं.

ही गाडी साधी नव्हती. बाबा तीस वर्षं साखळी गावच्या बसस्टँडवर पायलट होते. आमच्या गोव्यात पायलट म्हटलं की कुणी आभाळाकडे बघत नाही. भाड्याने मागे बसवून नेणारा मोटारसायकलवाला तो पायलट. काळी गाडी आणि पुढचा मडगार्ड पिवळा, म्हणजे लांबूनच हात दाखवता यावा. दिवसभर लोकांना पोचवणारी ही गाडी चवथीला मात्र घरची व्हायची. कारापुरातल्या मूर्तिकाराच्या चित्रशाळेतून आमचा गणपती तिच्यावरूनच यायचा. बाबा पुढे, मी मागे, माझ्या मांडीवर पाट आणि पाटावर गणपती.

मग बाबांचे गुडघे गेले. परमिट सोडलं, गाडी मागच्या खोपीत नारळाच्या सोडणांच्या ढिगाशेजारी जाऊन बसली आणि गणपती शेजाऱ्यांच्या कारमधून यायला लागला. बाबा कारमध्ये पुढच्या सीटवर बसायचे, पण तोंड असं की दात काढायला निघालेत.

यंदा चैत्रात जेवताना ते एकदम म्हणाले, "एकदां गणपती माझ्या गाडयेर हाडूया रे. मागीर ती भंगारात घाल."

आई म्हणाली, "तुमचे गुडघे?"

"किक मारूंक एक पाय पुरो."

मी लगेच म्हटलं, "बाबा, चवथीला गाडी तयार." असं काही बोलताना माझी छाती पुढे येते आणि डोकं मागे राहतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. बायकोने भात वाढता वाढता माझ्याकडे फक्त एकदा बघितलं.

पहिल्याच रविवारी टायर काढताना मी पेजेची कुलेर वापरली. कुलेर म्हणजे आमचा मोठा चमचा. ही तर आईची, पितळेची, पेडण्याहून माहेरची आणलेली. टायर निघाला नाही, कुलेर मात्र अशी वाकली की तिने पेज वाढली तर ती शेजाऱ्याच्या ताटात पडावी. दहा वाजता आईने पेजेला कुलेर शोधली. मी ती इंजिनाच्या पत्र्याखाली लपवली होती. संध्याकाळी बायकोने ती बाहेर काढली आणि सर्वांसमोर विचारलं, "हो गाडयेचो खंयचो पार्ट?"

शेवटी पलीकडच्या घरच्या मेस्ताला शरण गेलो. हा मेस्त उभा जन्म खाणीवरच्या ट्रकांची इंजिनं उघडत आला होता. माझ्या अंगणात मांडलेले नट, स्प्रिंगा, वॉशर त्याने एकेक उचलून बघितले. मग म्हणाला, "बाबू, तू गाडी उघडली न्हय. तू तिचो बाजार मांडलो."

इंजिन त्याने बसवलं. माझ्या हाती त्याने फक्त फडकं दिलं. आषाढ संपताना एके दुपारी गाडी धुराचा एक मोठा ढेकर देऊन सुरू झाली आणि कोंबड्या कुंपणापार गेल्या. मेस्त म्हणाला, "आता रंग. जुना रंग लोखंडापर्यंत घासून काढ. आणि गाडयेचो रंग गाडी रंगवतल्याकडेच मारून घे. आयकलें मरे?"

ऐकलं की मी. दोन दिवस सांगाडाच घासला, टाकी-मडगार्डला हातही लागला नव्हता. तिसऱ्या दिवशी तळहाताला फोड आले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की खालचा रंग वरच्या रंगाखाली झाकला जाणारच आहे, मग घासायचं कशाला?

आणि नुसता काळा रंग मारून माझं समाधान होणार नव्हतं. मोबाइलवर मी एकेकाच्या गाड्या बघितल्या होत्या. टाकीवर ज्वाळा, गरुड, कवट्या. मला काहीतरी आपलं हवं होतं. एके दिवशी आमचा गणपती कुठवर आला ते बघायला मी चित्रशाळेत गेलो. मूर्तिकार एका गणपतीच्या पितांबराला सोनेरी काठ ओढत होता. श्वास रोखून, एका दमात, केसाएवढी रेघ. मी तिथेच ठरवलं, की अख्ख्या साखळीत असा हात दुसरा नाही.

"माझी टाकी रंगवशील? आणि मडगार्ड, बाजूची झाकणं?"

त्याने चष्म्यावरून बघितलं. "चवथ तोंडार आयल्या, बाब."

"म्हणूनच तर."

काय वाटलं त्याला कोण जाणे, हो म्हणाला. त्यानंतर तीन आठवडे माझी टाकी फळीवर दोन गणपतींच्या मधोमध बसली होती. आधी खडीचा, म्हणजे खडूच्या भुकटीचा, पांढरा हात, मग गुलाबी, मग सोनेरी वेलबुट्टी, दोन्ही झाकणांवर एकेक कमळ. मी रोज बघायला जायचो. एकदा एक म्हातारी आपला गणपती बघायला आली होती. तिने ओळीने सगळ्यांना हात जोडले, टाकीलाही जोडले. मग मला हळूच विचारलं, "हेका सोंड अजून बसवची आसा?"

पावसाचं प्लास्टिकमध्ये गुंडाळून घरी आणलं आणि खोपीत भाग जोडले. रंगाला चकाकी नव्हती. मेस्ताने बोट लावून बघितलं, बोट आपल्या लुंगीला पुसलं. मी त्याला समजावलं, की सध्या बिनचकाकीचीच फॅशन आहे, शहरात लोक मुद्दाम तशी करून घेतात.

बाबांना मी डोळे मिटायला लावून अंगणात आणलं. त्यांनी डोळे उघडले. गाडीभोवती एक फेरी मारली. गुलाबी मडगार्डपाशी थांबले. कमळाकडे बघितलं.

"बरी आसा," ते म्हणाले. "पण ही कुणाची?"

"तुमचीच!"

"माझी काळी," एवढंच बोलून ते दारापुढच्या सोप्यावर जाऊन बसले. रात्री जेवताना आईला म्हणाले, "शेजारच्यांका सांग, यंदाय कार जाय."

चैत्रापासून मी नाना तऱ्हेच्या चुका केल्या होत्या, पण एकही अशी लागली नव्हती. गाडी चालू होती, चवथ परवावर आली होती आणि बाबा कारमधून जाणार होते. बायकोही काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा माझं खरंच चुकलेलं असतं.

चवथीच्या सकाळी पावसाने जरा उघडीप दिली. आई नि बायको आत गणपतीवर टांगायची फळापानांची माटोळी बांधण्याच्या गडबडीत होत्या. बाबा आंघोळ करून, पांढरा सदरा घालून, सोप्यावर कारची वाट बघत होते. मला वाटलं, निदान गाडी धुऊन दारात उभी तरी करू. बघून कदाचित मन पालटेल. विहिरीची एक भरलेली बादली घेतली आणि टाकीवर ओतली.

गुलाबी रंग आधी ओघळला. मग सोनेरी. मग खडीचं पांढरं दूध सुटलं आणि बायकोने पहाटे घातलेल्या रांगोळीतून वाट काढत थेट तुळशीपर्यंत गेलं. मी फडक्याने थांबवायला गेलो तर वेलबुट्टी फडक्यावर आली. घाईघाईने मूर्तिकाराला फोन लावला. पलीकडे आरत्या, घंटा, माणसांचा गलका.

"अरे, रंग जाताहेत सगळे!"

"पाणी घातलें?"

"धुतली!"

तो आरत्यांपासून जरा बाजूला सरकला. मग अगदी शांतपणे म्हणाला, "बाब, मी जल्मभर जें रंगवतां तें बुडवूंकच रंगवतां. ही बुडवची न्हय, तें तू माका सांगूंक नाय."

मागे पायांचा आवाज आला. बाबा पायऱ्या उतरत होते, गुडघ्यावर हात ठेवून, एकेक करत. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. त्यांनी माझ्या हातातलं फडकं ओढून घेतलं.

"सोड. तुका पुसूंकय येना."

आणि ते पुसायला लागले. स्टँडवर रोज सकाळी पहिल्या भाड्याआधी पुसायचे तसे, वरून खाली, टाकीला वळसा घालून. गुलाबी गेला, खडी गेली. माझ्या आळसाने न घासलेला काळा रंग खालून वर आला, उजव्या गुडघ्याशी पडलेल्या जुन्या पोच्यासकट. मग त्यांनी मडगार्डवर फडकं फिरवलं. पिवळा! चरे पडलेला, पण पिवळाच. बाबांनी त्या पिवळ्यावर तीन वेळा फडकं फिरवलं. एकदा पुरलं असतं.

सीटवर बसून त्यांनी पेट्रोलची चावी फिरवली, किक अर्धी दाबून सोडली, मग एकच मारली. गाडी सुरू. मला रोज चौदा लागायच्या.

"पाट घे," ते म्हणाले. "आणि कारवाल्यांका सांग, नाका म्हण."

चित्रशाळेतून निघालो तेव्हा माझ्या मांडीवर गणपती होता, तोंडावर उपरणं घातलेला. तिठ्यावर हातात पिशव्या घेतलेला एक गृहस्थ उभा होता. त्याने पिवळा मडगार्ड बघितला आणि हात वर केला. "पायलट! साखळी?"

बाबांचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. गाडी थांबली. मी गणपतीला दोन्ही हातांनी आवळलं. बाबांनी अंगठ्याने मागे दाखवलं आणि तीस वर्षांच्या सवयीच्या आवाजात म्हणाले, "आज भाडें आसा."

त्या माणसाने पिशव्या खाली ठेवून हात जोडले. बाबांनी गिअर टाकला. त्यांची मान मला मागूनच दिसत होती, पण ते हसत होते हे कानांच्या हलण्यावरून कळत होतं.

घरी उतरलो. आईने दारात ओवाळलं, गणपती आत गेला. बायको माझ्या नव्या पांढऱ्या लेंग्याकडे बघत राहिली. बाबांच्या फडक्यातून बाजूची झाकणं तेवढी सुटली होती, आणि माझ्या उजव्या मांडीवर एक गुलाबी कमळ छान उमटलं होतं.