नेफिसेच्या बापाचं नाव

नेफिसे अक्का तंबाखूचं पान नुसतं चाचपून त्याची प्रत सांगायची. सव्वीस वर्षं हेच काम. बोटांवरचा काळा चीक साबणानं कधी गेला नाही. तिचा बाप रेजेप, राजाच्या अमदानीत तंबाखूच्या वखारीत संप केला म्हणून पोलिसांच्या लाठ्यांनी मेला. त्यामुळं कम्युनिस्ट पार्टी म्हणजे तिचं माहेरच. कामगार ना तुर्क असतो ना बल्गेरियन, कामगार तो कामगार, हे ती इतक्यांदा ऐकवायची की पार्टीचं राज्य आल्यावर मशिदीला कुलूप लागलं तेव्हाही आम्हा तुर्कांतलं कुणी तिच्यापुढं रडलं नाही.

त्या जानेवारीत शेजारच्या गावांतून खबर आली, पोलीस तुर्कांची नावं बदलून बल्गेरियन करतायत, बंदूक रोखून. आमची माणसं पोराबाळांना घेऊन रानात निघाली. अक्का बर्फातून मागं धावली आणि शिव्या घालत सगळ्यांना वळवून आणलं. म्हणाली, तिथं कायतरी चूक झाली असंल, आपण तर पार्टीची माणसं.

सकाळी पोलीस कुत्री घेऊन आले आणि आम्ही घरात आयते सापडलो.

नवी नावं द्यायला आम्हाला रांगेत उभं केलं; अक्का छातीला कामाचं पदक लावून पहिली. टेबलामागं पार्टीचा सेक्रेटरी स्टोइल, तिच्या बांधावर बसून तिची भाकरी खाल्लेला. त्यानं यादीतलं तिचं नवं नाव वाचलं, नेवेना. अक्का म्हणाली, चूक दुरुस्त कर.

"अक्का, कामगाराचं नाव कुठलं का असंना, काय फरक पडतो?"

"फरक पडत न्हाय तर माझं मला ऱ्हाऊ दे की."

रांगेत कुणीतरी फिसकन हसला. त्याच्या पाठीत बंदुकीचा दस्ता बसला.

स्टोइलनं कागद पुढं सरकवला. तिथं बापाचंही नाव बदललेलं. राद्को. ज्या रेजेपच्या नावाची पाटी याच पार्टीनं वखारीच्या भिंतीवर ठोकली, जिथं हाच स्टोइल दर कामगार दिनाला फुलं वाहायचा, त्या मेलेल्या माणसाचं यांनी पुन्हा बारसं केलं होतं. तो काय उठून भांडायला येतोय.

अक्कानं पदक काढून कागदावर आपटलं.

"ह्ये रेजेपच्या पोरीला दिलं हुतं. तुज्या राद्कोची पोर हुडक, आन् लाव तिच्या छातीला."

सही तिनं केली नाहीच. त्यांनी सहीवाचून लिहून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून शेडमध्ये हजेरीला नेवेना पुकारायचे. अक्का पानं निवडत बसायची, मान वर करायची नाही. मुकादम गैरहजर लिहायचा. दिवसभर राबून गैरहजर. बर्फ वितळायच्या सुमाराला तिला कामावरून काढलं आणि कागदावर कारण लिहिलं, आळस.

आणि आम्ही? आमची नवी नावं पुकारली की आम्ही ओ द्यायचो. मीही दिली. पहिल्याच हाकेला.