ओढ्याकाठचं खाचर

मावळात आमची भातखाचरं पुष्कळ, पण ओढ्याकाठच्या खाचरावर साऱ्यांचा डोळा. सासरे पाय चेपून घेताना तिन्ही मुलांना एकेकटं सांगत, "ते तुलाच बरं का. बोलू नगंस कुटं."

वडगावचे वकील मृत्युपत्र करा म्हणाले, की सासरे हसत. "कागद झाल्यावर पाय कोन चेपनार?"

ते गेल्यानंतरच्या पहिल्याच लावणीला तिघे भाऊ रोपांच्या मुठी घेऊन त्याच खाचरात उतरले आणि गुडघाभर चिखलात उभं राहून भांडले. माझे यजमान थोरले, आवाजही त्यांचाच मोठा. रोपं बांधावर वाळली. खाचर त्या वर्षी पडीक राहिलं.

परवा माझी धाकटी सून म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या सोन्याच्या पाटल्यांचं काय ते लिहून ठेवा की."

मी पाय पुढे केले. "त्या तुलाच बरं का. बोलू नगंस कुटं."