पाइपवर फोडलेला नारळ

ॲसिड लोखंडाला खाऊन टाकतं, म्हणून आमच्या कारखान्यात काचेचे धागे आणि रेझिन यांचे पाइप बनवतात. ते गंजत नाहीत, पण लोखंडासारखा मारही सोसत नाहीत. ठोका बसला की बाहेर ओरखडाही दिसत नाही, आतला थर मात्र तडकतो आणि त्या तड्यांतून ॲसिड हळूहळू वाट काढतं. लाइन बसवून देताना मी हे प्रत्येक ठिकाणी सांगते. सगळे माना डोलावतात; नंदीबैल बरे.

मांजरी गावाच्या पुढे एका केमिकल कारखान्यात आमची नवी लाइन सुरू व्हायची होती. माझा मोठा भाऊ तिथे ऑपरेटर. झडप तोच उघडणार, म्हणून नारळाचा मानही त्यालाच. हळदकुंकू, झेंडूचा हार, सगळं यथासांग झालं. दगड शोधायला कोण जातंय? दादाने नारळ सरळ पाइपच्या वाकणावर आपटला. बद्द आवाज आला, टाळ्या पडल्या. बाहेर ओरखडाही नव्हता.

आज टिकेल, पुढे कधीतरी पाझरेल, आणि तेव्हा खाली दादाच उभा असेल. मी तिथल्या मॅनेजरसाहेबांना म्हटलं, ॲसिड सोडू नका, आधी आतून बघू द्या. त्यांनी पाइपवरून हात फिरवला आणि मुहूर्त टळतोय याची आठवण करून दिली. नारळाला घाबरणारा पाइप ॲसिडला काय पुरणार, असंही वर ऐकवलं. मला संताप आला. तेवढ्यात दादा झडपेकडे निघाला. मी धावत जाऊन झडपेचं चाक धरून ठेवलं.

"पाइप तुमचेच ना? मग घाबरतेस कशाला?" दादा म्हणाला.

"आमचे आहेत म्हणूनच घाबरते."

तो साहेबांना न विचारता पाना घेऊन आला.

वाकणाचा जोड खोलून आम्ही आत बॅटरी मारली. नारळ बसला होता नेमकं तिथेच, खिडकीच्या काचेला गोटी लागावी तशा चिरा पसरल्या होत्या. साहेब दोन पावलं मागे सरकले. मला हायसं वाटायला हवं होतं, पण दादाचा चेहरा पांढरा पडला होता. खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातात तसाच होता.

"गेल्या दसऱ्याला शेजारच्या जुन्या लाइनवरही मीच फोडला होता," तो हळूच म्हणाला.

जुनी लाइनही आमच्याच पाइपांची. वर्षभर ती ॲसिड वाहत होती, दादाची खुर्ची तिच्याच खाली असायची, आणि आत्ता साहेब तिच्यावर हात टेकून उभे होते.