तळ्याकाठच्या मांडवात दोन पाट

शनिवारी सकाळी साडेसहाला बेव्हर्ली पार्कातल्या घरून गाडी काढली, तेव्हा मला एवढंच कळत होतं की लग्नासाठी एक तळं बघायला चाललोय. लग्न माझ्या लेकीचं, सायलीचं. मीरा-भाईंदरला पायलीचे पन्नास हॉल पडलेत, तरी ही मुलगी मनोरच्या पुढचं कुठलंसं गावठी थाटाचं ठिकाण धरून बसलेली. का, ते काही सांगेना. तिकडे हाटकेशला राहणाऱ्या माझ्या मोठ्या दिरांनी भाईंदरचा हॉल कधीच बघून ठेवलाय. सायलीचे बाबा जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून आमच्या घरातलं सगळं भाऊजीच ठरवतात. कन्यादानाला पाटावर ते आणि जाऊबाई बसणार, हेही न बोलता ठरलेलं. ‘संध्याकाळी काय ते कळव, हॉलवाला थांबलाय,’ असं त्यांनी निघताना फोनवर बजावलं होतं.

तुम्हीही जाणार असाल तर सकाळीच निघा. काशीमिऱ्याला हायवेला लागल्यापासून वर्सोव्याचा पूल ओलांडेपर्यंत ट्रकांच्या मागे जीव जातो. पुढे रस्ता बरा आहे. टोलनाक्यानंतर एका ढाब्यावर मिसळ खाल्ली, माझं नि सायलीचं चहासकट तीनशेच्या आत झालं. हायवे सोडल्यावरचे शेवटचे चार किलोमीटर मात्र कच्चे आहेत, आणि तिथे फोनला रेंज नाही. वऱ्हाडाच्या बसचं काय होणार, देव जाणे.

आत शिरले आणि माझा गोंधळ दुप्पट झाला. खोल्या बाहेरून मातीच्या, आत एसी. अंगणात बैलगाडी, पण बैल नाहीत. जातं होतं, त्यावर पाटी: ‘फोटो पॉइंट’. रत्नागिरीला ज्या जात्यावर माझ्या आईचे खांदे गेले, तसल्याच जात्यापुढे आता नवरी हसून फोटो काढणार! जनरेटर, पार्किंग, जेवणाचा मंडप, सगळं चोख. तळंही सुंदर, ते नाकारून चालणार नाही.

“मे महिन्यात पाणी असतं ना?” मी मॅनेजरला विचारलं.

“असतं ना, मॅडम. थोडं मागे जातं.”

“थोडं म्हणजे?”

त्याने लांबवर एक आंब्याचं झाड दाखवलं. कपाळ माझं! पाणी एवढ्या लांब गेल्यावर तळ्याकाठचं लग्न म्हणायचं कशाला?

मग त्याने मांडवाची जागा दाखवली. शेणाने सारवलेला ओटा, वर दोन पाट. “पेरेंट्स इथे बसतात. बसून बघा, पूर्ण तळं दिसतं.”

“मी नाही, माझे दीर-जाऊ बसतील,” सवयीने तोंडातून निघून गेलं. सायली तोंड फिरवून तळ्याकडे बघत राहिली.

ओट्याची कड सारवणाऱ्या बाईने मान वर केली. मंजूताई नाव तिचं, तिथल्याच पाड्यातली. “का? गुडघं धरतात काय तुमचं?”

“नाही हो. मिस्टर नाहीत माझे.”

“माजा बी न्हाय. मंग काय पोरीला शेजारणीनं दिली? मीच बसले.” आणि परत सारवायला लागली.

सायलीने मला हाताला धरून तळ्याच्या बांधावर नेलं.

“आई, तू अजून तळंच बघतेयस का?”

“मग काय बघू?”

“हॉल काकांनी घेतला की यजमान काका. तिथे तू तोंड उघडणार नाहीस. इथे आपण बोलावू तेवढीच दीडशे माणसं. कन्यादानात मला तू द्यायचंस. गुरुजींना विचारलंय मी, त्यांची हरकत नाही.”

“मग सरळ सांगायचं ना, बये!”

“सांगितलं असतं तर आली असतीस?”

नसते आले. लोक काय म्हणतील, हेच आधी मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली. खरं सांगते, त्या पाटावर बसायची हौस होती मला. भाऊजींनी आमच्यासाठी इतकं केलंय की ती बोलून दाखवणंसुद्धा कृतघ्नपणाचं वाटायचं. बांधावरच रडू फुटलं. मग परत जाऊन एका पाटावर बसले. तळं दिसतं की नाही, ते बघायचं राहूनच गेलं.

चारला घरी पोचलो. ठिकाण कसं आहे म्हणाल, तर आजी-आजोबांसाठी पायऱ्या जास्त, डास भरपूर, मे महिन्यात पाण्याचा भरवसा नाही, आणि आम्ही तेच घेतलं.

चहा टाकला तोवर भाऊजींचा फोन आला. “काय मग, हॉलवाल्याला हो सांगू?”

“नको. लग्न तळ्यावर करतोय. आणि भाऊजी, कन्यादान मी करणार आहे. एकटी.”

फोन कटला की काय म्हणून मी दोनदा स्क्रीन बघितला.

“बरं,” ते शेवटी म्हणाले. “मग मी काय करू, ते सांग.”

मी गॅस बारीक केला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच, काय करायचं ते त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी म्हटलं, “आधी चहाला या, मग सांगते.”