एका कोयत्याला एक हेल्मेट

आमच्या हेलिकॉप्टर कंपनीला पंचवीस वर्षं झाली म्हणून साहेबांनी गुळगुळीत कागदावर कंपनीचा इतिहास छापलाय. पहिलं जुनं रशियन हेलिकॉप्टर, त्याच्यापुढं नारळ फोडणारे मोठे साहेब, डोंगरावर टनांनी लोखंड वाहिल्याच्या बढाया, सगळं आहे. गोजरबाईचं नाव मात्र कुठंच नाही. तुमचा इतिहास तुम्हाला लखलाभ! तिचा मी सांगतो.

गोजरबाई पाथर्डीकडची. लग्न झाल्यापासून नवऱ्याबरोबर, भीमाबरोबर, ऊसतोडीला जायची. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. बोलणी नवऱ्याशी, हिशेब नवऱ्याशी. बाई मोळ्या वाहून मान मोडून घेते, पण मोजताना ती अर्धा कोयता.

एका उन्हाळ्यात राजूरच्या वरच्या डोंगरांत विजेचे मनोरे नेण्याचं काम कंपनीला मिळालं. वर रस्ता नाही. खाली माळावर लोखंडाच्या जुड्या बांधायच्या, हेलिकॉप्टर डोक्यावर येऊन थांबलं की त्याच्या दोराचा हूक जुडीत अडकवायचा. मी तिथं वायरलेसवर होतो. माणसं पुरवायला एक ऊसतोडीचा मुकादम धरला, आणि त्या शहाण्यानं इथंही माणसं कोयत्यानंच मोजली. एका कोयत्याला एक हजेरी, एक हेल्मेट. ते अर्थातच नवऱ्याच्या डोक्यावर. साहेबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. स्वस्तात पडत होतं ना!

एके सकाळी पंख्याच्या वाऱ्यानं फळी उडाली आणि गोजरबाईचं कपाळ फुटलं. टाके पडले. साहेबांनी विचारलं, "ही कोण?"

"भीमाच्या कोयत्यातली बाई," मुकादम म्हणाला.

एवढ्यावर दोघांचंही समाधान झालं. मला इतका संताप आला की काय सांगू.

दोन दिवसांनी ती पट्टी बांधून माळावर आली. हेलिकॉप्टर वर घोंगावायला लागलं, भीमा हूक धरायला सरसावला, आणि ही बाई पदर खोचून सरळ जुडीवर जाऊन बसली.

वायरलेसवर पायलट ओरडला, "माल मोकळा का नाही?"

"साहेब, मालावर बाई बसलीय. हेल्मेट मागतीय."

माणूस बसलेला माल उचलता येत नाही. हेलिकॉप्टर रिकामं परतलं. धूळ बसायच्या आत मुकादम धावून आला.

"ऊठ गोजरे! न्हाईतर पुढच्या साली तुमचा कोयता घेनार न्हाई."

ही धमकी पोकळ नव्हती. त्यांच्या कोरडवाहू गावात मुकादमानं टाकलं की चूल विझते. भीमाचा चेहरा उतरला. त्यानं आपलं हेल्मेट काढून तिच्यापुढं धरलं.

"ऱ्हाऊ द्या. तुमाला काय डोकं न्हाई व्हय?" ती म्हणाली. मग मुकादमाकडे वळली. जन्मभर त्याला 'तुमी' म्हणत आलेली बाई एकदम अरे-तुरेवर आली.

"नको घिऊ कोयता. पर हितं कोयता न्हाई उभा, मान्सं हायेत. डोकी मोज!"

मग तिच्याबरोबर जुड्या बांधणारी दगडाबाई उठली आणि तिच्या शेजारी बसली. मिश्रीची डबी काढून निवांत दात घासू लागली. तिच्यामागं बाकीच्या बाया आल्या. हेलिकॉप्टर दिवसभर उभं राहिलं, साहेब तोट्याचा हिशेब करत बसले. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना हेल्मेटं आली. हजेरीही ज्याची त्याला.

मुकादमानं आपला शब्द खरा केला. पुढच्या साली त्यानं या दोघांना नेलं नाही, दुसऱ्या मुकादमांनाही नेऊ दिलं नाही. ते साल त्यांनी फार हालात काढलं. पण माफी मागायला गोजरबाई त्याच्या दारात गेली नाही.

परवा ते पुस्तक घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. एका फोटोत दोघं जुडीपाशी उभी आहेत, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. गोजरबाई खुशीत आली. "हेल्मेटाखालून पदर बगा कसा दिसतोय! खाली काय लिवलंय?"

मी वाचलं, "कामगार भीमा व सहकारी."

ती काही बोलायच्या आत भीमानं माझ्या खिशातलं पेन ओढलं, 'व सहकारी' खोडलं आणि तिथं वाकड्यातिकड्या अक्षरात गोजरबाई लिहायला घेतलं.

तिनं त्याचा हात धरला.

"तिथं न्हाई. तुमच्या आदी लिवा. डोकं माझं फुटलं हुतं."