घारीचं रक्त लागलेला शर्ट

माझं शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन चुकतं, अक्षरही वेडंवाकडं येतं. कधी कुणी हे वाचलंच तर आधीच माफी मागते. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

आमचं घर कोल्हापूरच्या विमानतळाच्या बाजूला आहे. वरची खोली भाड्यानं देतो, जेवण मी करून घालते. आम्हाला मूलबाळ नाही. दोन वर्षांपूर्वी आजऱ्याची एक मुलगी राहायला आली. दोन माणसांचं लहान विमान चालवायला शिकत होती. तिच्या वडिलांचा काजू फोडायचा छोटा कारखाना होता. बँकेचं कर्ज काढून त्यांनी तिला पाठवलं होतं.

पहिल्यांदा एकटीनं विमान उडवायचं, त्या सकाळी मी तिच्या हातावर दही-साखर ठेवली. परत आली ती जिन्यातूनच ओरडत. "काकी, वरनं तुमची निळी टाकी दिसली की!"

तेव्हापासून पाण्याची टाकी मी पुसून ठेवायला लागले.

उसाची तोड झाली आणि शिवारात पाचट पेटवायला सुरुवात झाली. पाचट पेटलं की उंदीर, किडे बाहेर पळतात आणि त्यांच्यावर घारी येतात. त्या दिवशीही धुराच्या वर घारी फिरत होत्या. मी गच्चीवर सांडगे घालत होते. तिचं विमान खाली येताना मला दिसलं, पण वेगळं काही वाटलं नाही. नंतर कळलं, ती एकटीच होती आणि उतरता उतरता एक घार समोरच्या काचेवर आदळली. काच फुटून आत आली. तशातही तिनं विमान नीट उतरवलं होतं.

विमान शिकवायच्या शाळेच्या गाडीनं तिला घरी सोडलं. कपाळाला पट्टी, पांढऱ्या शर्टाची छाती लाल. माझ्या हातातलं ताट पडलं.

"माझं न्हाय काकी, घारीचं हाय."

आमचे मालक म्हणाले, "घारीला काय ठाऊक, पोरगी शिकाऊ हाय. पण उतरवलंस न्हवं? मग जिंकलीस की!" ती हसली. आम्हाला वाटलं, झालं, संपलं.

शर्ट मी मिठाच्या गार पाण्यात भिजवला. खिशात एक तपकिरी पीस चिकटलं होतं, ते टाकून दिलं. शर्ट वाळल्यावर तिनं विचारलं, "निघालं?"

"निघालं."

"सगळं?"

"बघ की." तिनं शर्ट उन्हासमोर धरला. डाग कुठंच नव्हता. तरी तो तिनं खुंटीला अडकवला आणि दुसरा घातला.

काही दिवसांनी तिचे सर तिला घेऊन वर गेले. दही-साखर मी तेव्हाही दिली. ती दुपारी येऊन पायरीवरच बसली.

"लांब एक ठिपका दिसला काकी. घार व्हती का काय, देव जाणे. मी विमानाचा दांडा सोडला आणि तोंड झाकलं."

"मग गं?"

"सरांनी धरलं."

पुढच्या वेळी तेच झालं. हात दांड्यावर राहिले तरच एकटीला सोडणार, असं सरांनी सांगितलं. एकटीनं उडवायचे तास भरल्याशिवाय लायसन मिळत नाही. आणि सरांबरोबरच्या प्रत्येक तासाचे पैसे वेगळे.

एकदा जेवताना खिडकीत पारवा फडफडला. तिच्या हातातली भाकरी खाली पडली, दोन्ही हात तोंडावर. मग हात पुढं धरून बघत राहिली. "मी न्हाय करत काकी. हातच जात्यात."

मी मीठ-मिरच्यांनी तिची दृष्ट काढली. दुसरं मला काय येत होतं?

शेजारीण गच्चीवरून म्हणाली, "पाखराला भिऊन कुणी इमान सोडतंय व्हय? आमच्या स्कूटीवर रोज कावळं हागत्यात, आम्ही सोडली का स्कूटी?" मुलगीही हसली. पण त्या दिवशी ती जेवायला खाली आली नाही.

पुढच्या वेळी ती विमानात बसलीच नाही. पायरीवर पाय ठेवून परत आली.

वडील न्यायला आले. रागावले नाहीत, चहा घेतला. "ताई, हिचं जेवणाखोलीचं किती राहिलंय?"

तीन महिन्यांचं राहिलं होतं. मी म्हटलं, राहू द्या. ती मध्येच म्हणाली, "आप्पा, काकींचं मी देईन. माझ्या कमाईचं."

शर्ट खुंटीलाच राहिला होता. मी हाक मारून दाखवला. "ऱ्हाऊ दे काकी. परत आले की घालीन."

मग दर महिन्याला मोबाइलवर थोडे थोडे पैसे यायला लागले. ती वडिलांच्या कारखान्यात काजू फोडत होती. फोनवर म्हणायची, टरफलाच्या तेलानं हात काळे झालेत, धुतले तरी निघत नाहीत. विमानाचं मी कधी विचारलं नाही, तीही बोलली नाही. पण देणं शिल्लक आहे तोवर ती येईल, असं मला उगाच वाटायचं. शर्टाला मी अधूनमधून इस्त्री करायची.

काल तिचा फोन आला. "काकी, शेवटचं पाठवलंय बघा."

"आणि शर्ट गं?"

"कुणाला बसत असंल तर देऊन टाका."

फोन ठेवून मी मोबाइल मालकांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून आकडा वाचला आणि म्हणाले, "फिटलं. काही बाकी न्हाय."