साहेबांची चाचणी

घरात त्याला सगळे साहेब म्हणायचे. वय वर्षं तीन, पण ऐट अशी की हाक मारली तर ढुंकून बघणार नाही. समोर जाऊन उभं राहावं, तेव्हा कुठे साहेबांची नजर वर व्हायची. बोलणंही मोजकंच, चार-पाच शब्द, तेही बोबडे. आजी म्हणायची, "याचा बाप तरी कुठे लवकर बोलला? आता बघा, तोंडाचा पट्टा थांबत नाही." सगळे हसायचे. त्याची आईही हसायची, पण रात्री त्याचे शब्द बोटांवर मोजत बसायची.

ती बालवाडीत शिकवायची आणि संध्याकाळी कॉलेजात बालविकासात एम.ए. करायची. सासूबाईंना हे खूळ वाटे. "लेकरं कशी वाढतात ते शिकायला कॉलेज? मग आम्ही काय दगड वाढवले?" पण नातवाला सांभाळायच्या त्याच, म्हणून सून निमूट ऐकून घ्यायची. खरं तर पोराचं न बोलणं हेच त्या कॉलेजचं कारण होतं. हे तिने नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

प्रॅक्टिकलला एका मुलाची चाचणी घ्यायची होती, घरचं मूल चालणार होतं. टेबलावर चेंडू, चमचा, कंगवा, किल्ली, पेला मांडायचा आणि एकेक वस्तू मागायची. साहेबांनी सगळ्या धडाधड उचलून दिल्या. तिचा जीव भांड्यात पडला. पोराला कळतंय सगळं, मग बोलेल की सावकाश! नवऱ्याने मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ तिने वर्गात मोठ्या तोऱ्यात दाखवला.

मॅडमनी तो दोनदा पाहिला. "तुम्ही चमचा म्हणताय आणि बघताय पण चमच्याकडेच," त्या म्हणाल्या. "मूल तुमच्या नजरेवर चाललंय. हे मार्क तुमचे झाले, त्याचे नाहीत. तोंडासमोर कागद धरा आणि पुन्हा घ्या."

आता बोला. भर वर्गात असं ऐकल्यावर कुणाचं डोकं फिरणार नाही? ती तणतणतच घरी आली आणि खांद्यावरची पर्ससुद्धा न काढता टेबल मांडून बसली.

"चमचा दे," ती कागदाआडून म्हणाली. काही नाही. "चेंडू दे बरं." काही नाही. तिने आवाज चढवला. तेवढ्यात खुर्ची करकरली आणि इवल्या बोटांनी कागद खाली ओढला. साहेब खुर्चीवर चढून तिचे डोळे शोधत होते. सापडले तसे खुदकन हसले.

तिने कागद टेबलावर ठेवला. ती उठली, त्याच्या पाठीमागे गेली आणि त्याचं खरं नाव घेऊन हाक मारली. पुन्हा मारली. मग एवढ्याने मारली की सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"अगं, केवढ्याने ओरडतेस? लेकरू घाबरेल."

लेकरू मजेत पेल्यात किल्ली टाकत होतं. सासूबाई त्याच्या समोर वाकल्या, "काय साहेब?" म्हणाल्या. त्याने वर पाहिलं, दात दाखवले.

"हे बघ. ऐकतो की."

"आई, तो बघतो हो," ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

सासूबाईंनी तिच्या खांद्यावरची पर्स काढून ठेवली. त्यांनी विचारलं, "कानाच्या डॉक्टरकडे कधी जायचं?"

"उद्याच."

"मीही येते. आणि हे साहेब, साहेब आता बंद करा सगळ्यांनी. त्याला नाव आहे."

मग त्या त्याच्यापुढे जमिनीवर बसल्या, अगदी तोंडासमोर तोंड आणून, आणि त्याचं नाव त्याला सावकाश सांगू लागल्या.